मिठाचं पाकीट: डायलिसिसच्या बाकड्यावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. त्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात पाच मशीनचं डायलिसिस युनिट आहे आणि मी तिथे समुपदेशक होते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, घडलेल्या गोष्टींचा क्रम तोच ठेवला आहे.

इथल्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहा खारट लागतो, अंगाला साबणाचा फेस येत नाही. घरात कुणाची किडनी गेली की पहिला आरोप पाण्यावर. युनिटमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना आधीपासून मधुमेह नाहीतर बीपी होतं, शेतात पाठ भरली की मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. पण हे सांगायला गेलं की समोरचा माणूस हळूच म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही इथलं पाणी प्याले नाई अजून.’ पुढे जे घडलं त्यात मिठाचा विषय एवढा का पेटला, हे कळायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. या भागातल्या माणसाला खारटपणाचा जन्मापासूनचा राग आहे.

पूर्वी डायलिसिससाठी अकोल्याला नाहीतर नागपूरला जावं लागायचं. 2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, राज्याची जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना) होतीच, आणि हळूहळू मशीन जवळ आली. मशीनवर लागायला आता पैसे पडत नाहीत. बसभाडं, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आणि अर्धा दिवस मात्र जातोच.

आकडे साधे आहेत. पाच मशीन, रोज दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 60 जागा. रुग्ण 28. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा लावलं की 56 जागा भरतात आणि चार तातडीसाठी उरतात. पुस्तकात आठवड्याला तीनदा, चार-चार तास असं लिहिलेलं आहे. तीनदा द्यायचं तर 84 जागा हव्यात. हे गणित भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण टेक्निशियनपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

गट कसा झाला

किडनीचे तज्ज्ञ डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा यायचे. आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदा, तेही आल्या तर. त्यांनी दिलेला तक्ता भिंतीवर होता. ‘टाळा’ या रकान्यात ब्रोकोली आणि अ‍ॅव्होकॅडो. वऱ्हाडात हे टाळायला कुणाला कष्ट पडत नाहीत. संत्र्याचं नाव त्यात नव्हतं, शेवग्याच्या पाल्याचं नव्हतं, चवळीचं नव्हतं.

खरं शिक्षण चालायचं ते बाहेरच्या बाकड्यावर. पहिली पाळी सुटायची आणि दुसरी लागायची, त्या मधल्या पाऊण तासात. बाकड्याचे धनी होते कंडक्टरकाका. एसटीतून निवृत्त झालेले, वय 63, साडेचार वर्षांपासून डायलिसिसवर. पांढरा सदरा, खिशात पेन, आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज.

या काकाजींचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते एका पंचविशीतल्या मुलाच्या बाबतीत. त्याच्या मानेत कॅथेटरची नळी होती आणि हातावर फिस्टुला करून घ्यायला तो तयार नव्हता. त्याच्या गावात कुणीतरी ‘हात कापून घेतला आणि महिन्यात गेला’ म्हणे. डॉक्टरांनी सांगून झालं, मी चित्र काढून दाखवलं की मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून मनगटाजवळची धमनी आणि शीर जोडतात, शीर फुगून जाड व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून आधी करायचं. नळी जेवढी जास्त दिवस, तेवढं इन्फेक्शनचं भय जास्त. पोरगा मान हलवायचा आणि सही करायचा नाही.

काकाजींनी बाही वर केली आणि त्याचा हात धरून स्वतःच्या मनगटावर ठेवला.

‘लागते का? मांजर गुरगुरते तशी?’

पोराने हात झटकन काढला, मग पुन्हा ठेवला.

‘हे माह्यं मांजर साडेचार वर्सं झाले गुरगुरून रायलं. रातच्याले झोप नाई आली का मी हात कानाशी धरतो. गुरगुर आहे ना, मंग मी आहे.’

तिसऱ्या दिवशी पोराने सही केली. त्याच महिन्यात मी काकाजींना रीतसर ‘रुग्णमित्र’ केलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाऊण तास, नवीन रुग्ण त्यांच्याशेजारी बसवायचा. एक प्लास्टिकची खुर्ची दिली, गळ्यात ओळखपत्र दिलं. काय बोलायचं आणि काय नाही, याबद्दल एक शब्दही दिला नाही. मला ते तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

त्या सोमवारी काय झालं

मावशी आमच्या एक रुग्ण, 54 वर्षांच्या. मधुमेह चौदा वर्षांचा, डायलिसिस सात महिन्यांचं. मंगळवार-शुक्रवारच्या पाळीत. शुक्रवारी दुपारी मशीनवरून उतरल्या की थेट मंगळवारी सकाळी यायच्या, आणि आठवड्यातलं हे लांब अंतर सगळ्यात धोक्याचं असतं. त्या आठवड्यात मधे पोळा आला. घरात बैलजोडी नव्हती, पण पुरणपोळी झालीच, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलीही खाल्ली गेली.

सोमवारी रात्री साडेनऊला मुलगा त्यांना 108 च्या गाडीतून घेऊन आला. ‘पायात जीवच नाई,’ एवढंच मावशी म्हणत होत्या. नाडी मंद. ईसीजीची पट्टी पाहून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही, कॅल्शियमचं इंजेक्शन लगेच सुरू केलं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, नेब्युलायझर. रक्तातलं पोटॅशियम 7.1 आलं. साडेपाचच्या वर गेलं की काळजी, साडेसहाच्या वर हृदय कधीही थांबू शकतं. टेक्निशियनला फोन गेला, तो चौदा किलोमीटरवरून मोटरसायकलने आला आणि सव्वाअकराला मावशी मशीनवर लागल्या.

पोटॅशियम वाढवणारं काय खाल्लं, काय प्यालं, हे त्या रात्री सिस्टर विचारत होत्या. नारळपाणी? नाही. केळी? नाही. संत्रं, मोसंबी? नाही. मुलगा थोडा अभिमानानेच म्हणाला, ‘सिस्टर, आम्ही तर साधं मीठसुद्धा बंद केलं. दोन महिने झाले, कमी सोडियमवालं आणतो.’

दुसऱ्या दिवशी तो पाकीट घेऊन आला. वरच्या बाजूला लाल हृदयाचं चित्र. मागे, शिवणीच्या खाली, तांदळाच्या कण्यांएवढ्या इंग्रजी अक्षरांत: पोटॅशियम क्लोराइड.

मीठ कुठून आलं

साध्या मिठात सोडियम क्लोराइड असतं. ‘कमी सोडियम’च्या मिठात त्यातला काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. किडनी धड असलेल्या बीपीच्या माणसाला ते उपयोगी पडू शकतं. ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकतच नाही, त्याच्यासाठी ते विष. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाविषयी शिफारस काढली, तीही किडनीच्या रुग्णांना वगळूनच.

मग मावशींना हे सांगितलं कुणी? मी मागे मागे जात गेले. मुलाला सांगितलं आईने. आईला सांगितलं पाळीतल्या एका ताईने, ‘साधं मीठ सोडा, बीपीवाल्यायचं मीठ येते ते आना.’ त्या ताईने ऐकलं होतं दुसऱ्या एका रुग्णाच्या सुनेकडून. सुनेने ऐकलं होतं बाकड्यावर, काकाजींच्या तोंडून.

काकाजी काय म्हणाले होते, ते पाच-सहा जणांना तोंडपाठ होतं: ‘मी साधं मीठ सोडलं, सैंधव खातो. पाहा माह्ये पाय. सूज आहे का?’

पायावर सूज नव्हती, हे खरंच होतं. पण सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, त्याने तहान कमी होत नाही की पाणी कमी साठत नाही. काकाजींचे पाय सुजत नव्हते कारण त्यांना अजून दिवसाला सहा-सातशे मिली लघवी होत होती. मावशींची लघवी जवळपास बंद होती. दिवसभरात जेवढी लघवी, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवून तेवढंच पाणी, हा हिशेब इथे शिकवला जातो. त्या हिशेबाने काकाजींच्या वाट्याला जवळपास सव्वा लिटर यायचं आणि मावशींच्या वाट्याला दोन पेले. एकाच बाकड्यावर बसलेली, एकाच पाळीत मशीनवर लागणारी ही दोन माणसं, पण दोघांच्या शरीरांत शिल्लक काय आहे ते वेगळं. काकाजींना ते माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, दोघांच्या फायली माझ्याच कपाटात होत्या.

‘सैंधव’चं तीन तोंडांतून ‘बीपीवालं मीठ’ झालं. मुलगा किराण्याच्या ठोक दुकानात कामाला, त्याने मालकाला विचारलं आणि रॅकवरचं सगळ्यात महाग पाकीट घेतलं. आणखी एक गोष्ट मला नंतर मावशींच्या सुनेकडून कळली. हे मीठ जिभेला कमी खारट लागतं, जरा कडवट. म्हणून आणि ‘हे तर चांगलंच आहे’ म्हणून त्या भाजीत एकाऐवजी दीड चमचा घालायच्या.

7.1 मधला किती वाटा मिठाचा, किती पोळ्याच्या पुरणातल्या चणाडाळीचा आणि गुळाचा, आणि किती शुक्रवार ते मंगळवारच्या अंतराचा, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर तिन्ही कारणं लिहिली. बाकड्यावर मात्र एकच कारण शिल्लक राहिलं, आणि त्याला चेहरा होता.

समोर कोणते पर्याय होते

बुधवारी आम्ही चौघं बसलो: ड्यूटी डॉक्टर, युनिटच्या सिस्टर, रुग्णालयात योजनेचं काम पाहणारे आरोग्यमित्र आणि मी. डॉक्टर चिडलेले होते, आणि रात्री ज्याने ती ईसीजीची पट्टी पाहिली त्याला चिडायचा हक्क आहे. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: हा गट बंद करा, उद्या कुणी मेलं तर कागदावर सही तुमची आहे.

सिस्टरांनी विचारलं, ‘गट बंद करू. बाकडं कसं बंद करणार?’

या प्रश्नापुढे आम्ही बराच वेळ अडून होतो. गट नव्हता तेव्हाही बाकडं होतं, तेव्हाही सल्ले चालायचे, फक्त आमच्या कानावर यायचे नाहीत. गट असल्यामुळेच मिठाचा माग चार घरं मागे काढता आला.

दुसरा पर्याय काकाजींना बाजूला करायचा. ओळखपत्र परत घ्यायचं, खुर्ची उचलायची. आरोग्यमित्रांना हे पटत होतं. मला भीती वेगळी होती: ओळखपत्र काढलं तरी माणूस मंगळवार-शुक्रवार येणारच, आणि मग तो आमच्याशी न बोलता बाकीच्यांशी बोलेल.

तिसरा पर्याय, सगळं शिक्षण जाणत्यांनी करायचं. हा ऐकायला सगळ्यात बरा आणि आमच्याकडे सगळ्यात अशक्य. पंधरवड्यातून एकदा येणारे डॉक्टर 28 जणांना मिठावर किती बोलतील? शिवाय तो तक्ता भिंतीवर होताच की, ब्रोकोलीसकट.

उरला चौथा. काकाजी राहतील, पण त्यांच्या बोलण्याला हद्द घालायची, आणि बाकड्यावर पाऊण तासातली वीस मिनिटं सिस्टर येऊन बसतील. डॉक्टरांनी एक अट घातली. पोटॅशियमची तपासणी तोवर तीन महिन्यांनी व्हायची, ती दर महिन्याला व्हायला हवी. त्या बैठकीतला सगळ्यात कामाचा निर्णय हाच होता असं मला आज वाटतं, आणि तो गटाला सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या माणसाकडून आला.

काय केलं

पहिला पेच होता काकाजींना कसं सांगायचं. गटात सांगितलं तर माणूस मोडेल, एकट्याला सांगितलं तर बाकीच्यांना अर्धीच गोष्ट कळेल. मी एकट्याला सांगायचं ठरवलं. चहा मागवला, त्यांच्या हिशेबातला अर्धा कप. पाकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं, चष्मा वर घेतला, अक्षरं लागेनात.

‘पन मी हे नाव घेतलंच नाई मॅडम.’

‘नाही घेतलं, काकाजी. तुम्ही सैंधव म्हणालात.’

‘मंग?’

मग मी लघवीचा हिशेब सांगितला. ते गप्प झाले. कप तसाच ठेवून उठले आणि पुढचे तीन आठवडे बाकड्यावर बसलेच नाहीत. पाळीच्या वेळेला यायचे, मशीनवर डोळे मिटून पडायचे, आणि सुई काढल्यावर दहा मिनिटं बोट दाबून धरून निघून जायचे. विचारलं तर ‘आवाज बसला’ म्हणायचे.

त्या तीन आठवड्यांत एक नवीन रुग्ण आला, चोवीस वर्षांचा, मानेत नळी. त्याच्याशी मी बोलले, सिस्टर बोलल्या. दुसऱ्या पाळीनंतर तो येईनासा झाला, कुठल्या तरी जडीबुटीवाल्याकडे गेला. पाच आठवड्यांनी परत आला तेव्हा नळीच्या तोंडाशी पू होता आणि मशीन सुरू करताच थंडी वाजून ताप भरला. काकाजी बाकड्यावर असते तर तो थांबला असता, असं मी म्हणू शकत नाही. पण सल्ला थांबवला की धोका थांबतो, या आमच्या समजुतीला तिथे तडा गेला.

दुसरा पेच मावशींच्या मुलाचा. तो स्वतःलाच दोष देत होता, वॉर्डाबाहेर उभा राहून कुणालाही सांगायचा, ‘माह्या हातानं आणलं मी.’ मीठ कुठून आलं हे त्याला मंगळवारपासून कळायला हवं होतं, आणि मी नऊ दिवस सांगितलं नाही. भांडण होईल, काकाजींच्या अंगावर जाईल, असं मनाशी म्हणत राहिले. खरं म्हणजे आपण ज्याला ओळखपत्र दिलं त्याच्या तोंडून हे निघालं, हे सांगायची मला लाज वाटत होती. दहाव्या दिवशी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘तवाच सांगतलं असतं तर आठ दिवस झोपलो असतो मी.’

काकाजी परत आले ते मावशींमुळे. एका शुक्रवारी दोघांच्या मशीन शेजारी लागल्या. मावशींनीच हाक मारली, ‘काकाजी, तुमचं मांजर मेलं का? गुरगुर येत नाई कानावर.’ काकाजी हसले नाहीत. पण पाळी सुटल्यावर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, ‘मॅडम, मी कंडक्टर मानूस. घंटी वाजवीन. स्टेअरिंगले हात नाई लावनार.’

आम्ही जी हद्द घालायला निघालो होतो, ती त्यांनी स्वतःच आखली होती. तीच गटाची रीत झाली. रुग्णमित्राने स्वतःच्या बाबतीत काय घडलं ते सांगायचं. समोरच्याने काय खायचं, किती प्यायचं, कोणती गोळी सोडायची, हा प्रश्न आला की ‘घंटी’ म्हणायचं आणि तो प्रश्न वहीत लिहायचा. शंभर पानी वही, उजवीकडचा रकाना उत्तरासाठी. सिस्टर नाहीतर डॉक्टर त्यात लिहायचे आणि पुढच्या पाळीला ते मोठ्याने वाचलं जायचं.

मग आला ‘मीठ आणा’चा दिवस. खरं तर सहा दिवस, म्हणजे सगळ्या पाळ्या होतील. ज्याने त्याने घरात वापरतात ते मीठ पाकिटासकट आणायचं. एकूण 26 नग जमले. कुणी डबा आणला, कुणी पुडी, एका आजीने पदराच्या गाठीत बांधून चिमूटभर. सैंधव आठ घरांत. काळं मीठ एका घरात. आणि हृदयाचं चित्र असलेलं, पोटॅशियमचं मीठ पाच घरांत. मावशींचं घर त्या पाचांत नव्हतं. डॉक्टरांना गट बंद करायचा होता ना, ते त्या दिवशी टेबलापाशी उभे राहून पाच पाकिटं पुन्हापुन्हा मोजत होते.

वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही एक युक्ती केली. इंग्रजीतला ‘पोटॅशियम’ हा शब्द मोठ्या ठशात छापून चिठ्ठ्या वाटल्या. अक्षरं वाचायची नाहीत, चित्र जुळवावं तशी पाकिटाच्या मागच्या बाजूशी जुळवायची. ही कल्पना मावशींच्या मुलाची. दुकानात नवीन हमाल पोरांना माल ओळखायला तो असंच शिकवायचा.

काय हाती आलं

मावशी तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं पाळीआधीचं पोटॅशियम 5.2 ते 5.6 च्या मधे राहिलं. त्या पाच घरांतलं मीठ बदललं. त्यातल्या दोघांना महिनोन् महिने काही झालं नव्हतं, आणि म्हणून त्यांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चोवीस वर्षांच्या मुलाची नळी बदलावी लागली, मग फिस्टुला झाला. त्याने काकाजींच्या मनगटाला हात लावला की नाही, मी पाहिलं नाही.

सगळंच सुधारलं असं नाही. दोन पाळ्यांच्या मधे वाढणारं वजन पूर्वीइतकंच वाढत राहिलं, उन्हाळ्यात तर जास्तच. 44 अंशांच्या उन्हात दोन पेल्यांत दिवस काढ असं सांगणाऱ्याने आधी स्वतः काढून पाहावा. जास्त पाणी काढलं की पायात गोळे येतात, बीपी उतरतं, मग माणूस अर्धा तास आधीच मशीन बंद करायला लावतो, आणि पुढच्या पाळीला अजून वजन घेऊन येतो. हे चक्र वहीने मोडलं नाही.

आणि काकाजींचा तो आधीचा सूर पुन्हा लागला नाही. ते बोलतात, नेमकं बोलतात, पण मधेच थांबून सिस्टरांकडे पाहतात. गटातल्या दोघांनी तोंडावर सांगितलं, पहिल्यासारखी मजा नाही. मला हे नुकसानाच्या बाजूलाच लिहावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

ओळखपत्र देण्याआधी काकाजींबरोबर तासभर बसायला हवं होतं. मोठं प्रशिक्षण नाही, फक्त त्यांची स्वतःची फाईल उघडून: तुम्हाला लघवी किती होते, तुमचं पोटॅशियम किती, शेजारच्याचं वेगळं का. स्वतःच्या शरीरात अजून काय शिल्लक आहे हे ज्याला कळलं, तो ‘पाहा माह्ये पाय’ म्हणण्याआधी थबकतो.

दुसरं, गट रुग्णांचा होता आणि चूक घडली चुलीपाशी. मीठ मावशी घालत नव्हत्या, सून घालत होती. सोबतीला आलेल्या बायका व्हरांड्याच्या पायऱ्यांवर वेगळ्या बसायच्या, आणि निरोप तीन तोंडांतून गेला तो तिथूनच. बाकड्यावर आम्ही लक्ष ठेवलं असतं तरी पायऱ्यांवर कुणाचं होतं? आता महिन्यातून एक बैठक फक्त घरच्यांची होते. ती सुरू करायला एक बाई मरता मरता वाचावी लागली.

तिसरं, एकच आवाज. काकाजी गप्प बसले की गट गप्प, असं व्हायला नको होतं. आज चार रुग्णमित्र आहेत, दोन बायका. त्यांच्या चहाचे आणि जास्तीच्या फेरीचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, हे अजून ठरलेलं नाही. सध्या सिस्टर आणि मी देतो, आणि ही व्यवस्था टिकणारी नाही.

चौथं मला लिहायला जड जातं. मीठ सापडलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच थोडं हायसं वाटलं होतं. पाकीट हातात धरता येतं, बदलता येतं, त्यावर बैठक घेता येते. केसपेपरवरचं तिसरं कारण, शुक्रवार ते मंगळवार, त्यावर आम्ही त्या बुधवारी बोललोच नाही. सहाव्या आणि सातव्या मशीनचा प्रस्ताव पुढे गेला, पण चार महिने उशिराने. त्याला आरओ प्लांटही मोठा लागेल. एका पाळीला एका माणसामागे सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी जातं, आणि इथल्या खाऱ्या पाण्यावर आहे तो प्लांटच धापा टाकतो.

वही आता दुसरी चालू आहे. परवा मी चाळत होते. ‘एक फोड संत्रं चालते का?’ समोर सिस्टरांचं उत्तर. ‘आंबाडीची भाजी उकळून पाणी फेकलं तर?’ उत्तर. ‘गोळ्या उपाशी पोटी का जेवणासोबत?’ उत्तर. त्याखाली मावशींचा प्रश्न, अक्षर मुलाचं: ‘आठवड्यातून तिसऱ्यांदा मशीन कधी भेटन?’

उजवा रकाना कोरा आहे. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची.